पुनमच्या नावाचं कार्ड

हट्टा गावात मिराबाईच्या घरी सकाळी चहाच्याही आधी एक काम व्हायचं. मिराबाई देवळीतला डबा उघडायची, त्यातलं कार्ड पदरानं पुसायची आणि दोन सुनांपैकी एकीच्या हातावर ठेवायची. मनात आलं तर स्वतःच्याच गळ्यात घालायची. जिच्या गळ्यात कार्ड, ती त्या दिवशी वसमत रस्त्यावरच्या हळदीच्या कारखान्यात. बाकीच्या दोघी शेतात, चुलीपाशी, लेकरांमागं. आज माझी पाळी होती, असं म्हणायची सोय नव्हती. पाळी मिराबाईच्या डोक्यात असायची आणि त्या डोक्यात डोकावायची कोणाची छाती नव्हती. तिच्या लेकांची तर नव्हतीच.

कार्डावर फोटो आणि नाव थोरल्या सुनेचं, पुनमचं. मग त्यावर सासू काहून जाते आणि धाकटी कोमल काहून जाते, असं ज्याला वाटेल त्यानं जन्मात कधी सावड केलेली नसणार. आज तुझ्या रानात आमी, उद्या आमच्या रानात तुमी. माझं लेकरू तापलं तर माझी जाऊ येईल, तिला कोणी परत धाडत नाही. सावडीत बाई मोजत नाहीत, घर मोजतात. त्या घरचा विळा आला ना, झालं. कारखान्याची माणसं गावात येऊन म्हणाली, घरटी एक बाई घेऊ. मिराबाईनं ते तसंच ऐकलं. घराला एक जागा मिळाली. तिथं उभं कोणी राहायचं ते घर बघून घेईल.

नाव पुनमचं दिलं, कारण तिचं आधार कार्ड बिनचूक होतं. कोमलचं अजून माहेरच्या नावावर होतं. आणि मिराबाईच्या आधारावर तिचं वय थोरल्या लेकापेक्षा चारच वर्षांनी जास्त छापलेलं. ते कोणाला दाखवायची लाज वाटायची.

आणि कारखान्यात ओळखणार तरी कोण? हळदीची भुकटी उडते म्हणून सगळ्या बाया डोळे सोडून तोंड बांधतात. तासाभरात भुवयासुद्धा पिवळ्या. निवडीच्या पट्ट्यावर उभ्या राहिलेल्या चाळीस बायांत आपली कोणती, हे त्यांच्या नवऱ्यांनासुद्धा सांगता आलं नसतं. बायांना मात्र सगळं ठाऊक होतं. त्यांच्यातल्याही निम्म्याजणी अशाच एकीच्या जागी दुसरी यायच्या.

आधी हजेरी वहीत लागायची. गेल्या साली शेडच्या पत्र्याखाली जागोजागी पांढरे डबे बसले आणि वही गेली. डबे बसवायला निलम नावाची इंजिनेर पोरगी आली. हिंगोलीचीच. जीनची पँट घातलेली, पण बोलायला गोड. तिनं जेवणाच्या सुटीत बायांना गोळा करून सांगितलं, "मावशी, हे आपल्या कारखान्याचं स्वतःचं नेटवर्क आहे बरं का. बाहेरच्या टावरशी याचा काही संबंध नाही."

"मंग यावरून माज्या भावाला फोन लागंल का?" एकीनं विचारलं.

"नाही लागणार."

"मंग कशाला बसवलं बाई?"

बाया हसल्या. निलमही हसली. मग तिनं समजावलं की मोबाईलची रेंज या पत्र्याच्या शेडमध्ये पोचत नाही आणि पोचली तरी भरवशाची नाही. या डब्यांमुळं वजनकाटे, हळद शिजवायचे वाफेचे ड्रम, गोदामातली ओल मोजायचं यंत्र आणि बायांची कार्डं, सगळी आपसांत बोलतील, तेही क्षणाचा उशीर न होता. आता जिनिंगवाले बसवून राहिले, साखर कारखानेवाले विचारून राहिले. बाया माना हलवत होत्या आणि डबा खात होत्या. त्या दिवशी कार्ड मिराबाईच्या गळ्यात होतं. ती म्हणाली, "टावर म्हंजे गावचा नळ. सगळ्यांनी घागरी लावल्या की धार बारीक. म्हून यांनी आपली येगळी हीर खांदली. पाणी यांचं, पोहरा यांचा. असंच ना?"

"मावशी," निलम म्हणाली, "मी हेच साहेबांना आठ दिवस समजावून सांगत होते."

हे कौतुक मिराबाईनं पुढं चार दिवस गावभर सांगितलं. विहीर ज्याची आहे त्याला कोण किती पाणी शेंदून गेलं तेही कळतं, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नाही.

चैत्रात एका दुपारी पट्टा थांबवला. देखरेखीवर असलेले अमृतराव कागद घेऊन शेडमध्ये आले. वाफेच्या ड्रमावरचा जुना माणूस संतराम काम सोडून लेकाकडं निघाला होता. त्याच्या जागी पक्की बाई घ्यायची होती. पक्की म्हणजे पगारी रजा, दवाखाना, फंड, सगळं. आणि निवड कोणाच्या ओळखीनं नाही, अमृतराव म्हणाले, नेटवर्कनं केलेली आहे.

"पुनम विश्वंभर," त्यांनी वाचलं. "वर्षभरात एक खाडा न्हाई. निवडीत सगळ्यांत कमी चूक. पोती उचलण्यात पहिली. आणि वाफेवर संतरामच्या हाताखाली सत्तर दिवस, एक ड्रम कच्चा न्हाई, एक ड्रम फुटका न्हाई. मी तीस वर्षं माणसं हाताळून राहिलो. अशी बाई मी पाहिली न्हाई."

पाहणार कुठून? अशी बाई नव्हतीच. निवडीची नजर मिराबाईची, पोती पुनमची आणि वाफ कोमलची.

बाकीच्या बायांनी टाळ्या वाजवल्या. कार्ड नेमकं त्या दिवशी मिराबाईच्या गळ्यात. बांधलेल्या तोंडांवरचे एकोणचाळीस जोड डोळे तिच्याकडं वळले आणि सगळे हसत होते.

"पुनमबाई, दोन शब्द बोला की," अमृतराव म्हणाले.

सरपंचाला भर सभेत खाली बसवणारी मिराबाई. त्या दिवशी तिनं नुसती मान हलवली. आवाज ऐकला असता तर कळलं असतं.

"लाजाळू आहे," अमृतराव म्हणाले आणि पुढचा कागद वाचायला लागले. एक तारखेपासून पक्क्या माणसांना नवं कार्ड. ते अंगठा लावल्याशिवाय चालू होणार नाही.

घरी ही बातमी सांगताना मिराबाईनं टाळ्यांचा भाग फुगवून सांगितला आणि मान हलवल्याचा गाळला. पुनम पोळपाट सोडून उठली. तिच्या हाताला कणीक तशीच होती. ती म्हणाली, "माजं नाव? सगळ्यांत वर?"

"तुजं म्हंजे कार्डाचं," मिराबाई म्हणाली.

"कार्डावर माजंच नाव हाय ना आत्याबाई."

हे काही खोटं नव्हतं. पुनमला या घरात येऊन अकरा वर्षं झाली होती. दोन लेकरं, एक म्हैस, सासूचं तोंड आणि सकाळी हातावर कार्ड पडलं तर कारखाना. आज कुठं जायचं हे अकरा वर्षांत तिनं स्वतः ठरवलेलं कोणाला आठवत नव्हतं. आता एक तारखेपासून कार्ड फक्त तिच्या अंगठ्यानं चालणार होतं. डब्यात ठेवून उपयोग नाही. तिच्या चेहऱ्यावर ते लख्ख दिसत होतं आणि मिराबाईलाही दिसलं. तेच तिच्या मनात कुसळासारखं राहिलं.

पण वाफेच्या ड्रमाला पुनमनं आजवर हातही लावला नव्हता. तिकडं कोमलच जायची. मिराबाईनंच तसं लावून दिलं होतं. पोरगी बारकी आहे, पोती उचलणार नाही, पण डोकं थंड आहे. ड्रमावरची दाबाची सुई बघायची, वाफ सोडायची, थांबायचं. थांबणं कोमलला जमायचं.

"मी शिकवते की ताईला," कोमल म्हणाली. तिनं ते पटकन म्हटलं, जास्तच पटकन. "आठ दिवस हायेत. नाव ताईचं, ताईलाच मिळू द्या."

मग रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात शाळा भरायला लागली. कुकर म्हणजे ड्रम. शिट्टी म्हणजे वाफ सोडायची कळ. ताटलीवर कोळशानं आकडे काढून कोमलनं सुई म्हणून उलथणं धरलं.

"आधी वाफ बंद. मंग ही कळ. मंग सुई खाली यायची वाट. सुई शून्यावर आल्यावर झाकण. सांगा ताई."

"वाफ बंद, कळ, झाकण."

"सुई राहिली."

"हां, सुई. कळंतंय गं मला, लेकरू समजू नको."

मिराबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत बसायची. बोलायची नाही, ऐकायची. पाचव्या दिवशी डाळीचा खराखुरा कुकर चुलीवर होता. कोमल म्हणाली, आता हातानं करून दाखवा. पुनमनं कुकर उतरवला, चिमट्यानं शिट्टी उचलली. फुस्स करून वाफ उसळली, जराशी बसली, आणि पुनमचा हात झाकणाच्या दांडीवर गेला.

कोमलनं तो हात फटकन मारून बाजूला केला. चिमटा भिंतीवर जाऊन आदळला.

"ताई! जीव द्यायचा का?"

"थोडीच तर राहिली व्हती," पुनम हसत म्हणाली. "एवढं काय भ्यायचं. हा कुकर हाय."

"तिकडं कुकर न्हाई ना."

पुनम आळशी नव्हती, मंद तर मुळीच नव्हती. पण तिच्या हाताला थांबणं माहीत नव्हतं. पहाटेपासून चार कामं एकदम करणाऱ्या बाईच्या हाताला थांबायचं कोण शिकवणार? मिराबाईनंच तर तिला अकरा वर्षं हाकललं होतं, चल चल, झालं का, आवर. हे मिराबाईला त्या उंबऱ्यात बसून कळलं. कळलं ते तिला आवडलं नाही आणि तिनं तांदळाचं सूप आपटून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कार्ड तिनं आपल्याच गळ्यात घातलं. जेवणाच्या सुटीत निलम शिडीवर चढून एक डबा उतरवत होती. मिराबाई शिडीखाली जाऊन उभी राहिली.

"काय गं, बिघडला का?"

"काय सांगू मावशी. तुमच्या कार्डाच्या पट्ट्यावरचा डबा आहे. कार्डाची चाल रोज वेगळी दाखवतो. एक दिवस फटाफट चालते, एक दिवस सावकाश, एक दिवस डाव्या पायानं लंगडते. दोनदा डबा बदलला, हा तिसरा."

मिराबाईनं डावा गुडघा जरा मागं घेतला.

"बरं मला एक सांग," ती म्हणाली. "त्या वाफेच्या ड्रमाला कुलूप असतं ना? सुई खाली आल्याबिगर झाकण सुटतच नसंल. माणूस चुकला तरी यंत्र राखंल."

"नव्या माणसाला राखतं," निलम म्हणाली. "नव्या माणसाचं कार्ड असलं की ड्रम तीनदा विचारतो आणि सुई पार शून्यावर येईपर्यंत झाकण सोडत नाही. पण सत्तर दिवस झालेल्या कार्डाला तेवढं अडवत नाही. जुन्या माणसाला वाफ कळते. जरा बाकी असली तरी तो अंदाजानं बाजूला उभा राहून सोडतो. सारखं अडवलं की हळद जास्त शिजते, रंग जातो. म्हणून तशी सवलत ठेवली आहे. तुमचे सत्तर दिवस नव्या कार्डावरही चढणार मावशी, तुम्हाला नाही विचारणार ते."

"तुम्हाला," असं निलम म्हणाली. म्हणजे एक तारखेपासून पुनमला. मिराबाई शिडी धरून उभी राहिली.

यंत्राचं तरी काय चुकलं? त्याला जे कार्ड दिलं त्याच्यावर त्यानं भरवसा टाकला. सत्तर दिवस कोमल सुईकडं बघत थांबली, आणि त्या थांबण्याचा भरवसा आता पुनमच्या घाईच्या हाताला मिळणार. सावडीत विळा चुकला तर ज्वारीची चार ताटं जास्त तुटतात. इथं तोंडावर वाफ येईल.

गप्प बसायला कारणं पुष्कळ होती. घरात पक्की नोकरी आजवर कोणाला लागली नव्हती. पुनम शिकली तर शिकलीही असती, दोन महिन्यांत. त्या दोन महिन्यांत काही झालं नसतं तर कोणाला कळलंही नसतं. आणि खरं सांगायचं म्हणजे खोटं उघडं पडणार ते मिराबाईचं. पंचक्रोशीत जिच्या शब्दावर सोयरीक जमते त्या बाईनं वर्षभर दुसरीचा फोटो गळ्यात घालून हजेरी लावली, हे लोक चघळून चघळून सांगतील.

सांगावं की गप्प बसावं, दोन्हीकडं तिचं मन गेलं आणि दोन्हीकडून परत आलं. मग भोंगा झाला, बाया पट्ट्याकडं निघाल्या, आणि मिराबाई उलट्या दिशेनं ऑफिसकडं गेली.

अमृतराव मोठ्या पडद्यासमोर बसले होते. पडद्यावर शेडचा नकाशा आणि त्यात बायांच्या नावांचे हिरवे ठिपके. एक ठिपका ऑफिसात होता. त्यावर पुनमचं नाव होतं.

"या पुनमबाई," ते म्हणाले. "काय तकलीफ?"

मिराबाईनं तोंडावरचं फडकं सोडलं. अमृतरावांनी पडद्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, पुन्हा पडद्याकडं पाहिलं.

"मी पुनम न्हाई. पुनमची सासू. मिराबाई."

"आणि पुनम?"

"पुनम बी येती. कोमल बी येती. धाकली सून. वाफेवर सत्तर दिवस कोमल व्हती. पुनमनं तो ड्रम जवळून पाहिला बी न्हाई. तिला तिथं उभी करू नका."

अमृतराव खुर्चीतून उठले आणि परत बसले. निलम तो उतरवलेला डबा काखेत घेऊन दारातच येऊन थांबली होती. तिनं सगळं ऐकलं. "म्हणजे डबे चांगले होते," ती हळूच म्हणाली.

"बाई, हे काय केलं तुमी?" अमृतराव म्हणाले. "उद्या आग लागली असती, आत कोण राहिलं हे मी या ठिपक्यांवरून बघणार. भलतीलाच हाका मारत बसलो असतो. ही काय सावड हाय का?"

"व्हय," मिराबाई म्हणाली. "आमी सावडच समजलो. तुमी घरटी एक म्हणाले, माणशी एक म्हणाले न्हाई. पण आता समजलं. काय बोलायचं ते मला बोला. सुनांना कार्ड मीच देत व्हते. त्यांची हिंमत न्हाई माज्याशिवाय पाऊल टाकायची."

हे ती अभिमानानं म्हणाली, सवयच ती. म्हणून झाल्यावर तिच्या कानाला ते बराबर लागलं नाही.

अमृतराव बराच वेळ बोलले. त्यातलं निम्मं तिला पोचलं. कार्ड बंद. पक्क्या जागेच्या यादीतून पुनमचं नाव कमी. ती जागा यादीतल्या दुसऱ्या बाईला, म्हणजे तांड्यावरच्या निर्मलाबाईला. निलमनं मध्ये पडून विचारलं की वाफेवरची बाई तर खरंच चांगली आहे, तिला तरी घ्या. मग ठरलं, की पुनम आणि कोमल दोघींना रोजावर घ्यायचं, जिला तिला वेगळं कार्ड, जिचा तिचा फोटो. दोघींचं काम पहिल्या दिवसापासून मोजायचं. मागचं सगळं पुसलं.

"तिचे सत्तर दिवस?" मिराबाईनं विचारलं.

"ते पुनमच्या नावावर होते मावशी," निलम म्हणाली. "आणि पुनमचे म्हणून ते खोटे आहेत. कोमलच्या नावावर लावायला माझ्याकडं पुरावा काय?"

"मी सांगून राहिले ना."

निलमनं काखेतला डबा टेबलावर ठेवला. मिराबाईच्या सांगण्यावर हट्ट्यात जमिनीचे बांध ठरले होते.

"आणि मला कार्ड?"

अमृतरावांनी तिच्या उघड्या चेहऱ्याकडं पाहून वयाची अट सांगितली.

ती घरी आली तेव्हा ऊन उतरलं होतं. दोघी सुना अंगणात हरभरा बडवत होत्या. तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. या खेपेला टाळ्यांच्या वेळी नुसती मान हलवल्याचंही सांगितलं. कोमलनं काठी ठेवली. सत्तर दिवस गेल्याचं ऐकून तिचे ओठ जरा हलले, मग ती म्हणाली, "पुन्हा करीन. सत्तर काय," आणि आत निघून गेली. आत ती काय करत होती ते मिराबाईनं पाहिलं नाही.

पुनम बडवतच राहिली. टरफलं उडत होती. बडवून बडवून भुगा झाला तरी थांबली नाही.

"बस कर," मिराबाई म्हणाली.

पुनम थांबली. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"तुमाला वाटलं मी भाजून घेईन."

"व्हय."

"खरं हाय. कदाचित घेतलं असतं." तिनं पदरावरची टरफलं झटकली. "पण आत्याबाई, जागा माजी व्हती, न्हाईतर कोमलची. तुमी सरळ जाऊन बोलून आल्या. जायच्या आदी मला म्हणाल्या असत्या, पुनम, हे असं हाय, तुला जमंल का, तर मी काय म्हणाले असते ठाऊक हाय?"

"काय?"

"ते बी तुमाला ठाऊक न्हाई. कारण तुमी विचारलंच न्हाई. कार्ड द्यायचं तवा विचारलं न्हाई, काढून घ्यायचं तवा बी न्हाई."

मिराबाईजवळ उत्तरं नेहमी दोनचार तयार असायची. मी तुझा जीव वाचवला, हे एक होतंच आणि ते खरंही होतं. ती बोलायला गेली. पुनम तिच्याकडं बघत होती, न घाबरता, अकरा वर्षांत बहुधा पहिल्यांदा.

"न्हाई विचारलं," मिराबाई म्हणाली.

एवढंच. पुढं ती काही जोडणार म्हणून पुनम थांबली होती. मिराबाईनं वाकून, गुडघा धरत, कोमलनं ठेवलेली काठी उचलली आणि पुनमच्या समोर बसून उरलेला हरभरा बडवायला घेतला. पुनमनंही काठी उचलली.